डाळजची न्हाणी आणि डाळिंबाची नोझलं

लग्नकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" की पूर्वी मी सरळ सांगायचो, "गाड्या धुवायच्या यंत्रांची नोझलं बदलतो." समोरचा माणूस मान हलवायचा आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळायचा. मग मी "यांत्रिक विभागात आहे" असं सांगायला लागलो. त्यावर लोक निदान खुर्ची तरी पुढे करतात. या अंकाच्या संपादकांनी मात्र पहिलं उत्तर ऐकूनच लेख मागितला. तेव्हा आज पहिल्यांदाच माझ्या धंद्याबद्दल सविस्तर सांगतो आहे. वाचकांनी मध्येच दुसऱ्या पाहुण्याकडे वळू नये, एवढीच विनंती.

नोझल म्हणजे बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा. त्याच्या तोंडाला बारीक चीर असते. मागून पंपाने पाणी ढकललं की ते त्या चिरेतून हातपंख्यासारखं पसरून जोरात बाहेर येतं. स्वयंचलित धुलाई यंत्रात अशी नोझलं एका मोठ्या कमानीवर ओळीने बसवलेली असतात. गाडी मध्ये उभी करायची, काचा वर घ्यायच्या, बटण दाबायचं. कमान रुळांवरून गाडीच्या पुढे-मागे फिरते. आधी नुसतं पाणी, मग फेस, मग पुन्हा पाणी. आमच्या प्रकारच्या यंत्रात ब्रश नसतो, फडकं नसतं. गाडीला पाण्याशिवाय काहीही शिवत नाही.

आता या नोझलचा स्वभाव असा, की ते झिजतं पण तक्रार करत नाही. आमच्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात बारीक रेती. ती रेती जाता-येता त्या चिरेला घासते आणि भोक मोठं होतं. भोक मोठं झालं की पाणी जास्त येतं आणि जोर कमी होतो. मालकाला पाणी दिसतं, जोर दिसत नाही. "पाणी तर बदाबदा येतंय की!" असं म्हणून तो खूश असतो. तोवर पाण्याच्या पंख्याची नुसती धार झालेली असते आणि गाडी सोलापुरी चादरीसारखी पट्ट्यापट्ट्यांची होऊन बाहेर पडत असते. हे मालकांना पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं बारामती-इंदापूर रस्त्यावर मोटारसायकलवर गेलं.

पुणे-सोलापूर हायवेवर, भिगवणच्या जवळ, डाळजला तात्यांचं असं एक यंत्र आहे. तात्या डाळिंबाचे बागायतदार. पुण्यात कुठेतरी त्यांनी गाडी धुणारी कमान पाहिली आणि नवा ट्रॅक्टर घ्यायचा बेत मोडून ती हायवेकडेच्या आपल्या रानात आणून उभी केली. बसवली मीच. गावाने तिचं नाव ठेवलं न्हाणी. "गाडी न्हाणीत घातली का?" असंच तिथे विचारतात. आता ते यंत्र म्हातारं झालं आहे. त्याच्या वयाची बाकीची यंत्रं केव्हाच भंगारात गेली, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव आहे.

या न्हाणीत मी कायकाय पाहिलं आहे! एकदा एका जत्रेचं जेवण उरकून एक आचारी पिकअपभर खरकटी पातेली घेऊन आला. पातेली उपडी रचून त्याने गाडी कमानीखाली लावली आणि मला म्हणाला, "मिस्त्री, फेस जरा जास्त मारा, वांग्याचा रस्सा हाय." तात्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. पातेली बऱ्यापैकी निघाली, पिकअप मात्र वांग्याच्या रश्श्यात न्हाली. तात्यांनी आचाऱ्याला सांगितलं, "आता गाडीसाठी पुन्हा एक फेरी घ्या." तो म्हणाला, "गाडी कुणाला वाढायचीय?" आणि निघून गेला.

तात्यांच्या पत्नी मालनकाकू. न्हाणी आली त्या दिवसापासून काकूंचा तिच्यावर डोळा होता, पण प्रेमाचा नव्हे. त्या जागेवर त्यांना मिसळीचं हॉटेल काढायचं होतं. काकूंच्या हातची मिसळ मी खाल्ली आहे, त्यामुळे या वादात मी कधी तोंड उघडलं नाही. काकू म्हणायच्या, "माझी मिसळ खाऊन गेलेला माणूस परत येतो. ह्यांच्या न्हाणीतनं गेलेली गाडी परत येती ती भांडायला."

नोझलं झिजली होती हे मी तात्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. नवा संच माझ्या बारामती एमआयडीसीतल्या शेडमध्ये पडूनही होता. तात्यांचं उत्तर ठरलेलं, "पाणी येतंय न्हवं?" असं करता करता मागचा धोंड्याचा महिना आला.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो आला की जावयाचा मान वाढतो. त्याला लेकीसह बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. तात्यांची एकुलती लेक अश्विनी कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली. जावई संतोषराव उसाचे बागायतदार, माणूस अबोल. त्यांनी नुकतीच पांढरीशुभ्र नवी गाडी घेतली होती. तात्यांच्या डोक्यात आलं, की जावयाचे पाय धुवायची रीत आहे, तर जावयाच्या गाडीची चाकं का धुवू नयेत? जेवायच्या आधी गाडी वाजतगाजत न्हाणीत घालायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

काकूंनी ही संधी सोडली नाही. चार माणसांसमोर त्या म्हणाल्या, "घाला की. पण मी पदरानं गाडी पुसून बघणार. पदर मळला, तर न्हाणी भंगारात आन हितं माझं हॉटेल. कबूल?"

चार माणसांसमोर विचारल्यावर तात्या काय म्हणणार? "कबूल," म्हणाले आणि मग घाबरले. मला फोन करावा तर इतक्या वर्षांचं "पाणी येतंय न्हवं" मागे घ्यावं लागणार होतं. म्हणून त्यांनी स्वतःच नोझलं बदलली. मला फोन आला तो त्यानंतर.

"मिस्त्री, एक शंका हाय. गाडी निळी होती का?"

"कशानं?"

"पाण्यानं."

"नाही होत, तात्या."

"मग झालीया," ते म्हणाले.

मी नोझलांचा संच पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

डाळजला पोहोचलो तर तात्यांची पांढरी पिकअप न्हाणीच्या तोंडाशी उभी होती आणि ती खरंच फिकट निळी दिसत होती. बाजूला गावातली पाच-सात मंडळी हात मागे बांधून उभी होती. मी कमानीकडे पाहिलं आणि सगळा प्रकार लक्षात आला. तात्यांनी आपल्या डाळिंबाच्या ब्लोअरची नोझलं काढून इथे बसवली होती.

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लावायचा फवारणीचा मोठा पंखा. त्याचं नोझल पाण्याचं धुकं करतं, म्हणजे औषध पानाला वरून-खालून सारखं बसतं. डाळिंबाला ते उत्तम. गाडीच्या चिखलाला मात्र धक्का द्यावा लागतो. धुकं त्याला नुसतं गोंजारतं. त्यात तात्यांनी त्याच नोझलांतून बागेवर मोरचूद-चुन्याचं, पानांच्या करपा रोगावरचं निळं औषध मारलेलं होतं आणि ती न धुता तशीच इकडे आणली होती. पिकअपवरचा चिखल होता तिथेच होता, फक्त त्याच्यावर औषध बसलं होतं.

ही चूक करायला इंदापूर तालुकाच हवा. दुसरीकडे माणसाला नोझल म्हणजे काय हे माहीत नसतं, म्हणून तो हात लावत नाही. इथे घरटी एक ब्लोअर आणि माणशी एक मत. तात्यांनी भिगवणच्या लेथवरून जोडतुकडे करून आणले होते, आटे इतके सुबक की मला मनातून कौतुक वाटलं. पण ते मी बोलून दाखवलं नाही.

"एक बरं झालं," मंडळींपैकी एकजण गंभीरपणे म्हणाला, "गाडीवर करपा येणार न्हाय."

काकू ओसरीवरून हे सगळं बघत होत्या. त्यांनी मला चहा पाठवला आणि सोबत निरोप, "उद्या दुपारी जावई यायचंत. सावकाश करा, घाई न्हाय."

मी कामाला लागलो. ब्लोअरची नोझलं तात्यांनी कमानीच्या सोप्या जागी बसवली होती, ती लगेच निघाली. खालची जुनी झिजलेली नोझलं मात्र क्षाराने अशी धरली होती, की पाना लावला की पानाच घसरायचा. क्षार सोडवायचं माझ्याकडचं औषध अर्ध्यातच संपलं. मी ओसरीपाशी गेलो आणि काकूंकडे चिंचेचा कोळ मागितला. तांब्याची भांडी चिंचेने निघतात, तर पोलादावरचा क्षार निदान ढिला होईल, असा माझा हिशेब.

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्याच चिंचंनं माझं हॉटेल बुडवताय व्हय?"

"चिंच नाही दिली तर न्हाणी हरली असं म्हणता येणार नाही ना, काकू. मग ती चिंच नसल्यामुळे हरली असं होईल."

काकूंना हे पटलं. बाईचा न्यायावर विश्वास होता. त्यांनी पातेलंभर कोळ काढून दिला आणि वर मीठही दिलं. मी चिंध्या भिजवून एकेका नोझलला बांधल्या. कमान अशी दिसायला लागली, की येणाऱ्याजाणाऱ्याने नवस बोलायचंच बाकी होतं. तासाभराने पाना लावला तर नोझलं निमूटपणे फिरली.

नवी बसवणं हे खरं कसब. प्रत्येक नोझलच्या पंख्याने शेजारच्या पंख्याची कड जराशी झाकली पाहिजे, पण त्याच्यावर आपटता कामा नये. म्हणून प्रत्येक नोझल किंचित तिरपं ठेवतात, आणि सगळी एकाच तिरकेपणाने. मी हे करायला लागलो तसे मंडळींचे हात पाठीमागून सुटले. कुणी म्हणालं डावीकडं अर्धा पीळ, कुणी म्हणालं उजवीकडं. द्राक्षवाले आणि डाळिंबवाले यांच्यात तर मूळ तत्त्वावरच मतभेद होते. शेवटच्या नोझलला प्रत्येकाने एकेकदा हात लावला. मी म्हटलं लावू द्या, मन मोकळं होईल.

मग चाचणी. एका ताडपत्रीला चिखल फासून ती कमानीखाली टांगली आणि बटण दाबलं. नव्या नोझलांचा आवाज वेगळाच असतो, स्वच्छ, एकसारखा. तो ऐकून मला अजूनही पोटात बरं वाटतं. ताडपत्री वरपासून खालपर्यंत लख्ख निघाली. फक्त ते शेवटचं नोझल, सर्वांच्या हातचं, उलट बाहेर वळलेलं होतं. त्याने द्राक्षवाले आणि डाळिंबवाले दोघांनाही भेदभाव न करता भिजवलं. मंडळी पांगल्यावर मी ते जागेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला जेवायलाच बोलावलं होतं. म्हणजे धोंडे खायचे आणि बटणही दाबायचं. दुपारी जावयाची गाडी हायवेवरून आत वळली.

पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे गाडी चिखलाची असणार हे धरूनच चाललो होतो. पण ही उजवीकडून साधारण मळलेली आणि डावीकडून अक्षरशः लिंपलेली. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत बोटभर चिखल, आणि त्यात चक्क बोटांच्या रेघा. रस्त्याचा चिखल असा बसत नाही. मला वाटलं, काकूंनी लेकीला फोन करून परीक्षेचा पेपर अवघड काढला. मी काकूंकडे संशयाने पाहिलं. त्याही गाडीकडे बघतच राहिल्या होत्या.

अश्विनीने औक्षण करून घेतलं, पाणी प्याली आणि आईच्या मागे मागे आत पळाली. तात्या जावयाला म्हणाले, "जावईबापू, आधी गाडी न्हाणीत, मग आपण पाटावर."

"राहू द्या मामा," संतोषराव म्हणाले. "परत कोऱ्हाळ्याला जायचंच हाय. रस्त्यानं पुन्हा घाण होणार."

"जेवल्यावर पुन्हा भूक लागतीच की. म्हणून जेवायचं न्हाय का?"

"नवी गाडी हाय. शनिवारी धुवू नये म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

संतोषराव जरा विचार करून म्हणाले, "शोरूमवाले."

एवढा अबोल माणूस इतकी कारणं देतो आहे, हे बघून कुणालाही शंका आली असती. तात्यांना वाटलं, जावई संकोचतो आहे. त्यांनी प्रेमाने किल्ली काढून घेतली, स्वतः गाडी कमानीखाली लावली, काचा वर घेतल्या आणि उतरून मला खूण केली. मी बटण दाबलं.

पहिल्या फेरीतच चिखल सुटायला लागला. डावीकडून तर पोपडेच्या पोपडे खाली येत होते. मग फेस, मग पुन्हा पाणी. तात्या कमानीबरोबर पुढे-मागे चालत होते, लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा बाप चालतो तसे. कमान थांबली, पाणी निथळलं आणि गाडी अशी पांढरी दिसली, की मी स्वतःवरच खूश झालो.

काकू आतून बाहेर आल्या. पदराचं टोक धरून त्यांनी बॉनेट पुसलं. पदर उलटून पाहिला. छत पुसलं. चाकाच्या वरच्या कडेत, जिथे कुणी हात घालत नाही, तिथे बोट घालून पाहिलं. पदर कोरा.

"निघालीया," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून मोठ्या कष्टाने बाहेर पडला. तात्यांनी माझा हात दाबला. तेवढ्यात काकू गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि किंचाळल्या.

आम्ही धावलो. डाव्या बाजूला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबच लांब ओरखडा होता आणि मागच्या दाराला लिंबू बसेल एवढा खड्डा.

"यंत्रानं ओरबाडली!" काकू म्हणाल्या. "जावयाची नवीकोरी गाडी!"

"काकू, यंत्रात पाण्याशिवाय काही गाडीला लागतच नाही," मी म्हटलं. "पाण्यानं पत्रा कसा चेपेल?"

"चिंच घातलीवती तुमी त्यात. चिंचंनं पत्रा खाल्ला."

कालची ओली मंडळी आज सुकून परत आली होती. त्यांनी खड्ड्यात बोटं घालून पाहिली आणि एकजण म्हणालाही, "जुनी चिंच लय उष्ण." माझ्या आयुष्यभराच्या कामावर चिंचेचा आळ आला होता.

"भंगारवाल्याला बोलवा," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त खरा वाटला. "पाव्हण्याच्या गाडीचं असं करणारं यंत्र माझ्या दारात नको."

तात्या वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. जावयाच्या गाडीला आपल्या दारात ओरखडा पडला होता. ते कमानीपाशी गेले आणि तिच्या खांबावरचं पाणी हाताने निपटत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. नोझलं वेळेत बदला म्हणून मी या माणसाशी इतकी वर्षं भांडलो आणि बदलली त्याच दिवशी यंत्र जात होतं.

संतोषरावांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामी, यंत्राचं काय न्हाय. मीच घासली गाडी. आधीची हाय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी? दोन दोन ट्रॉल्या लावून ऊस नेता तुमी, बोळातनं. कवा कुणाच्या कुडाला लागला न्हाय. यंत्राला वाचवायला कशाला आळ घेताय?"

एवढा अबोल माणूस खोटं तरी किती बोलणार? तेव्हा मागून आवाज आला.

"त्यांनी न्हाय, आई. मी घासली."

अश्विनी हातात पुरणाचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

"तू?"

"व्हय. मी चालवत व्हते. उसाच्या ट्रॉलीला लागली."

"ट्रॉली अंगावर आली?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय. ट्रॉली उभी व्हती."

मंडळींपैकी कुणीतरी हसलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो दुसरीकडे बघायला लागला.

"मग ह्यो चिखल?"

"तुमाला दिसू नये म्हणून अलीकडं पाटापाशी थांबून आमी दोघांनी लिंपला. तात्या न्हाणीत घालणार हे कुणी सांगितलंच न्हाय."

काकू म्हणाल्या, "लिंपलं ते लिंपलं, हात तरी नीट फिरवायचा. बोटं दिसत व्हती लांबनं."

मग त्यांनी विचारलं, "एकटीच व्हतीस गाडीत?"

"व्हय. सासूबाईंची औषधं आणायला बारामतीला चालले व्हते."

"कोऱ्हाळ्यावरनं? एकटी?"

"व्हय."

"आन मग? घासल्यावर परत फिरलीस?"

"न्हाय. गेले की. औषधं घेऊन आले."

तात्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. ते बहुधा गाडी, लेकीची जात, जावयाचा मान असं काहीतरी बोलणार होते. काकूंनी हाताने त्यांना थांबवलं. त्या लेकीकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते रागाचं नव्हतं, एवढं मलाही कळलं. मी इतकी वर्षं त्या घरी जातो, पण काकूंना गाडीत पुढच्या सीटवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुढे तात्या, किंवा पाहुणे, किंवा खताची गोणी. काकू मागे.

त्यांनी लेकीच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तात्यांच्या हातात दिलं. मग ओरखडा पडलेलं पुढचं दार उघडून आत बसल्या.

"चल," त्या अश्विनीला म्हणाल्या.

"कुठं?"

"मागं घे आन पुन्हा ह्याच्यातनं ने. बघू तरी आतनं कसं वाटतंय."

अश्विनीने नवऱ्याकडे पाहिलं. संतोषरावांनी मान हलवली आणि किल्ली तात्यांच्या खिशातून काढून तिला दिली. तात्यांचे दोन्ही हात पातेल्यात अडकलेले होते. तिने गाडी मागे घेतली, सरळ केली आणि कमानीच्या बरोबर मध्ये, खांबाला कुठेही न लागता, आणून उभी केली. मंडळी आपोआप मागे सरकली होती, ती परत पुढे आली. मी बटण दाबलं.

पाणी सुरू झालं. फेस सुरू झाला. आणि त्या फेसात मला डावीकडची काच हळूहळू खाली येताना दिसली. मी ओरडलो, तात्या ओरडले, पण आतून काय ऐकू येणार? काकूंना बहुतेक नवं काहीतरी दिसलं होतं आणि त्यांनी ते दाबून पाहिलं होतं. एकदा दाबल्यावर वर कसं न्यायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अश्विनीलाही काच तिच्या बाजूने वर घ्यायचं सुचलं नाही, कारण ती पोट धरून हसत होती. कमान पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. थांबवायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी ते का दाबलं नाही, याचा मी अजून विचार करतो.

कमान थांबली. गाडीचं दार उघडलं आणि काकू उतरल्या. नखशिखांत भिजलेल्या, केसांत फेस, पदरातून पाणी गळतंय. नव्या गाडीच्या सीटवरून पाण्याचा ओघळ खाली येत होता. संतोषराव तेवढे म्हणाले, "राहू द्या मामी, सुकंल."

तात्या पातेलं घेऊन तसेच उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. न्हाणी राहणार की जाणार, हे विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

काकूंनी दोन्ही हातांनी तोंडावरचं पाणी निपटलं, कमानीकडे वर-खाली पाहिलं आणि कालच्या सगळ्या मंडळींना मागे टाकील अशा अधिकाराने मला म्हणाल्या, "मिस्त्री, डाव्या अंगाचं खालनं तिसरं जरा खाली करा. नेमकं कानात येतंय."

काच उघडी ठेवली तर कुठलंही नोझल कानातच येणार, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी पाना घेतला आणि ते नोझल खाली वळवलं.